सिंहगड पहिल्यांदा चढताना

गडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीच्या वाटेनेच या. चढ सुमारे ६०० मीटरचा, पण वाट मळलेली आणि सोबतीला माणसं. नवखे बहुतेक एकच चूक करतात: सुरुवातीला पळत सुटतात आणि अर्ध्यावर बसकण मारतात. बोलता बोलता चढता येईल एवढाच वेग ठेवा. पहिला महिनाभर घड्याळ बघूच नका.

- पहाटे निघा.
- पाणी दोन लिटर, घोटघोट.
- बुटांना पकड हवी. लोक घसरतात ते उतरताना. गुडघे किंचित वाकवून छोटी पावलं टाका.

कात्रज ते सिंहगड हा लांब पल्ल्याचा रात्रीचा ट्रेक सध्या डोक्यातून काढा. वर पोचलात की १६७० साली तानाजींचे मावळे रात्री ज्या कड्याने चढले, तो जरूर बघा. ऊर भरून येतो! जमेल तुम्हाला, पुढच्या रविवारीही या.