युद्धनौकेच्या तोफेत काडतूस भरतात का?

दुसऱ्या महायुद्धावरचा मजकूर मराठीत आणणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे: ‘बॅटलशिपच्या १६ इंची तोफेत काडतूस भरले’ असे लिहिले तर चालेल का? आणि ‘शेल’ला गोळा म्हणावे की बॉम्ब?

दुसऱ्याचे उत्तर सोपे. विमानातून टाकतात तो बॉम्ब, तोफेतून सुटतो तो गोळा.

काडतूस मात्र चालणार नाही. काडतुसात गोळी आणि दारू एकाच नळकांड्यात बसवलेली असते. अमेरिकेच्या आयोवा वर्गाच्या नौकांवर चिलखतभेदी गोळाच १,२२५ किलोचा, आणि तो उडवायला लागणारी दारू सुमारे ३०० किलो. एवढे ओझे एकत्र बांधून हलवणार कसे? म्हणून गोळा वेगळा, दारू वेगळी. आपला ‘दारूगोळा’ हा जोडशब्द इथे शब्दशः खरा ठरतो.

डेकवर फिरताना दिसते ते टरेटचे, म्हणजे तोफा बसवलेल्या फिरत्या बुरुजाचे, नुसते डोके. खाली जहाजाच्या पोटात त्याचे आणखी कित्येक मजले असतात. गोळे मधल्या मजल्यांवर उभे रचलेले, दारू तळाशी. दोन्ही वेगवेगळ्या लिफ्टने वर येतात. आधी गोळा यांत्रिक गजाने असा ठासतात, की त्याच्याभोवतीचा मऊ धातूचा पट्टा नळीच्या आतल्या पिळदार खाचांत रुतून बसतो. तो नीट रुतला नाही, तर नळी वर उचलताच गोळा मागे घसरेल. मग दारूच्या सहा रेशमी थैल्या, प्रत्येकी सुमारे ५० किलोच्या. रेशीम एवढ्यासाठी, की ते जळून जाते आणि धुमसते तुकडे सहसा मागे ठेवत नाही. शेवटी ब्रीच, म्हणजे नळीचे मागचे तोंड, बंद. तेव्हा ‘ठासणे’ हे क्रियापद बिनधास्त वापरा. ठासणीची बंदूक पुढून भरत, ही तोफ मागून भरतात, एवढाच फरक.

आता माझा सगळ्यांत आवडता शब्द. त्या थैल्यांची एक बाजू लाल असते आणि ती ब्रीचकडे ठेवावी लागते. त्या लाल बाजूत काळी दारू शिवलेली असते, कारण मुख्य धूरविरहित दारू नुसत्या ठिणगीने झटकन पेटत नाही. ठिणगी काळ्या दारूला पेटवते आणि काळी दारू बाकीचीला. जुन्या तोफेला बत्ती देण्याआधी तिच्या छिद्रात जी भुकटी घालत, तिला मराठीत ‘रंजक’ म्हणत. काम तेच आहे. हा शब्द अनुवादकांनी पुन्हा हाती घ्यावा, असे मला मनापासून वाटते. आणि पहिली ठिणगी पाडणारा, ब्रीचमध्ये बसवायचा मुठीत मावणारा प्रायमर? काडतूस म्हणायचेच असेल, तर त्याला म्हणा.

‘मॅगझिन’साठी ‘दारूकोठार’ लिहा. आपल्या किल्ल्यांवर हा शब्द अजून नांदतो आहे, आणि धोकाही त्यातून लगेच कळतो. ३१ मे १९१६ रोजी, पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या सागरी लढाईत इंडिफॅटिगेबल, क्वीन मेरी आणि इन्व्हिन्सिबल या तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर (वेगवान, पण कमी चिलखताच्या मोठ्या युद्धनौका) स्फोटाने उडाल्या आणि तीन हजारांहून जास्त माणसे गेली. भराभर गोळे डागता यावेत म्हणून दारू कोठाराबाहेर रचून ठेवायची आणि दारे उघडी टाकायची, ही सवय त्यांना भोवली असे बहुतेक अभ्यासक मानतात.

जर्मन नौकांवरचा मजकूर असेल तर थोडे जपून. बिस्मार्कच्या ३८ सेंटिमीटर तोफांत मुख्य दारू पितळी नळकांड्यात असे, तिच्यापुढची थैलीत. गोळा मात्र तिथेही वेगळाच. त्यामुळे ‘दारूचे पितळी नळकांडे’ असेच लिहावे.

तुमचे वाक्य मी असे करीन: ‘१६ इंची तोफेत आधी गोळा ठासला, त्यामागे दारूच्या सहा थैल्या सारल्या आणि ब्रीच बंद केले.’