कूलर ठेवा, मशीन दुरुस्त करा, फ्रीजचं मात्र आधी तपासा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. अमळनेरला तुमच्या घरी तीन वस्तू एकदम रुसल्यात. तेरा वर्षांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेला, सात हजार लागतील. सात वर्षांचं टॉप लोड वॉशिंग मशीन, त्याचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला, साडेचार हजार. आणि सासऱ्यांच्या काळातला पत्र्याचा कूलर. मिस्टर म्हणतात तिन्ही काढून टाकू, सासूबाई म्हणतात, "चांगला शे ना आजून", तिन्ही दुरुस्त करा. भुसावळला आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, म्हणजे माझा कल दुरुस्तीकडे असणार हे धरूनच पुढचं वाचा.

खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की नवीन घ्या, असं सगळे सांगतात. त्या हिशेबात वस्तू दिवसाला किती वेळ चालते हे धरलेलंच नसतं. फ्रीज रात्रंदिवस वीज घेतो, मशीन तासभर, मिक्सर दहा मिनिटं. जे सतत चालतं त्याचा निर्णय मीटर बघून घ्यायचा. जे थोडा वेळ चालतं ते सुटे भाग मिळतात तोवर चालवायचं.

आता फ्रीज. तुम्ही लिहिलंय की आधी गुरगुर येते, मग 'टक' होऊन बंद पडतो, काही मिनिटांनी परत तेच. कॉम्प्रेसर जाम झाला तर असं होतं हे खरं. पण रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) किंवा ओव्हरलोड (करंट जास्त झाला की तो तोडणारा भाग) खराब झाला तरी अगदी असंच होतं, आणि हे दोन्ही भाग काहीशे रुपयांत येतात. तिसरं कारण आपल्याकडचं, व्होल्टेज. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी गावभर कूलर आणि एसी सुरू झाले की व्होल्टेज पडतं. १८० च्या आसपास आलं की धडधाकट कॉम्प्रेसरसुद्धा उचलत नाही. म्हणून मेकॅनिकला दोनच गोष्टी विचारा: कॉम्प्रेसरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, मीटर लावून तपासलं का, आणि दुसरा रिले लावून बघितला का? "अनुभवावरून सांगतो" असं उत्तर आलं तर दुसरा मेकॅनिक बोलवा.

उद्या कोणी "गॅस संपला" म्हणाला, तर गॅस वापरून संपत नसतो, गळतो. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार आणि तुम्ही पुन्हा पैसे देणार. गळती मागच्या उघड्या पाइपला असेल तर जोड मारता येतो. भिंतीतल्या फोममध्ये असेल तर तो फ्रीज सोडून द्या. कॉम्प्रेसरच्या लेबलवर आर६००ए लिहिलेलं असेल तर तो गॅस पेट घेणारा असतो. त्याची सवय असलेल्याच माणसाकडून काम करून घ्या, स्वयंपाकघरात गॅसची शेगडी बंद ठेवून.

कॉम्प्रेसर खरंच गेला असेल तर तेरा वर्षांच्या फ्रीजवर सात हजार घालू नका. नवीन कॉम्प्रेसर आला तरी दाराचं रबर, फोम, डीफ्रॉस्टचा हीटर हे सगळं जुनंच राहणार. आणि तो 'नवीन' कॉम्प्रेसर नवीनच आहे की कुठल्या भंगारातल्या फ्रीजचा, हे बिलाशिवाय कळत नाही.

नुसता रिले निघाला तर? बदला, चालू करा, आणि मग मोजा. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी जाल तेव्हा घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त फ्रीज चालू ठेवा. निघताना आणि परतल्यावर मीटरचं रीडिंग लिहा, दिवसांनी भागा. समजा रोजचं दीड युनिट आलं. वर्षाला साधारण ५४७ युनिट झाले. नव्या फ्रीजच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते २२० असतील तर फरक सव्वातीनशेचा. आता भाव. सरासरी दर धरू नका. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं, वाचलेले युनिट सगळ्यात वरच्या टप्प्यातून कमी होतात. तुमचा वरचा टप्पा सगळे आकार मिळून दहा रुपयांना पडतो असं धरलं तर वर्षाला सव्वातीन हजार होतात. आपल्या पंचेचाळीस अंशांत कुठलाही फ्रीज लेबलपेक्षा जास्तच खाणार, म्हणून अडीच हजारच धरा. एवढे वाचत असतील तर येत्या एक-दोन वर्षांत बदला. रोजचं पाऊण युनिटच आलं तर त्याला हातसुद्धा लावू नका.

लेबल बघताना त्यावरचं वर्षही बघा. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजला स्टार लेबल २०१० पासून सक्तीचं आहे, पण निकष मधूनमधून कडक होतात. तुमच्या जुन्या फ्रीजचे पाच स्टार म्हणजे आजचे पाच स्टार नव्हेत. दुकानदार 'दहा वर्षं वॉरंटी' म्हणेल, ती बहुतेक वेळा नुसत्या कॉम्प्रेसरची असते. गॅस आणि मजुरी वेगळी.

मशीनचं सोपं आहे. बोर्ड दुरुस्त होतो, जळगावला ते काम करणारे आहेत. नव्या बोर्डाचे साडेचार हजार द्यायच्या आधी जुना दाखवून आणा. त्याच्याही आधी पाण्याच्या पाइपच्या तोंडाची जाळी काढून धुवा. बोअरच्या पाण्याने ती पांढऱ्या थराने बुजते. टाकी स्लॅबलाच टेकून असली तर दाबही कमी मिळतो. मशीन पाणी भरत नाही, एरर दाखवतं, आणि नाव येतं बोर्डावर. नव्या मशीनने विजेत वाचून वाचणार किती? ड्रमचं बेअरिंग आणि गिअरबॉक्स दोन्ही गेले तरच बदला.

कूलरच्या बाबतीत सासूबाईंचं ऐका. मोटार रिवाइंड होते, पंप आणि गवत बाजारात मिळतं. असा जाड पत्रा आता नव्या कूलरला येत नाही. पण एका गोष्टीत तडजोड नको. टेस्टर बॉडीला लावल्यावर पेटला तर त्या दिवसापासून कूलर बंद. थ्री-पिन प्लग, खरं अर्थिंग आणि घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं स्विच), हे तिन्ही झाल्याशिवाय तो लावू नका. पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा. दरवर्षी उन्हाळ्यात कूलरला चिकटून माणसं जातात, बहुतेक ओल्या हातापायांनी. तळ सडून पाणी मोटारीच्या वायरीपर्यंत येत असेल तर मात्र बॉडी भंगारात द्या.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, जास्त चालणारा पंखा बदला. जुना पंखा पंचाहत्तर वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा नवा पंखा) तिशीच्या आसपास. रोज अठरा तास, आठ महिने धरले तर एका पंख्यामागे दोनशेच्या जवळ युनिट वाचतात. पाहुण्यांच्या खोलीतला हळू फिरत असेल तर त्याला अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, झालं.

नवा फ्रीज घ्यायचा ठरला तर एक्स्चेंजशिवायची किंमत आधी विचारा, मगच जुन्याचं नाव काढा. आणि जुना फ्रीज पाण्याच्या बाटल्यांसाठी बाहेरच्या ओट्यावर चालू ठेवायचा, असं घरात कोणी सुचवेलच. मग वाचणार होते ते अडीच हजार तो तिथे बसून खाईल. पाण्याला माठ आहे.

कॉम्प्रेसरच्या लेबलचा फोटो टाका, पुढचं बघू.