मागच्या सीटचं कव्हर उचलून बघ

प्रिय,

लायसन्स हातात पडलं आणि शनिवारी चौघं मित्र घेऊन दापोलीला निघतोयस, असं कळलं. गाडी तुला बरी येते, मी पाहिलंय. पण पाहिलंय ते तू एकटा असताना.

तुझ्या वयाचा होतो तेव्हा जुन्या कशेडी घाटात मी जीप चालवत होतो. पुढे ट्रक, मागे तीन दोस्त. ‘काय बैलगाडी हाकतोयस? काढ की!’ वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं, तरी काढली. समोरून एस.टी. आली. तिच्या ड्रायव्हरनं गाडी गटारात घातली, म्हणून वाचलो. घाई मला नव्हतीच. एकटा असतो तर मुकाट ट्रकमागे रखडलो असतो.

अमेरिकेत सोळा-सतरा वर्षांच्या ड्रायव्हरांबद्दल हेच दिसलंय: समवयस्क प्रवासी वाढले की जिवावर बेतणारे अपघात वाढतात. तिथल्या बऱ्याच राज्यांत सुरुवातीला गाडीत किती तरुण बसवायचे, यावर बंधन असतं. आई शेजारी असली की तुझा काटा साठच्या वर जात नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

म्हणून शेजारी कोण बसणार, ते तू ठरव. गप्पा मारणारा चालेल; रस्त्यावर गर्दी झाली की तो आपसूक थांबतो, कारण त्यालाही समोरचं दिसत असतं. फोनवर पलीकडून बोलणाऱ्याला ते दिसत नाही. व्हिडिओ काढणाऱ्याला मात्र मागे बसव.

आणि मागच्यांचा पट्टा. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ ४ सप्टेंबर २०२२ला उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीचा अपघात झाला. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. ते दोघे गेले, पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. मागे पट्टा न लावणाऱ्याला हजार रुपये दंड आहे, पण दंडाचं सोड. गाडी जागच्या जागी थांबते, मागचा सत्तर किलोचा गडी थांबत नाही. त्याच वेगानं तो तुझ्या सीटच्या पाठीवर येतो. तुझा पट्टा असला तरी मग तू मध्ये चेपला जातोस. ऐंशीच्या जागी शंभरनं चालवलीस, तर त्या धडकेतला जोर दीडपटीहून जास्त.

मित्र हसतील. हसू देत. पट्टे लागेपर्यंत किल्ली फिरवू नकोस.

एक काम शुक्रवारी रात्रीच कर. तुमच्या गाडीला बाहेरून शिवलेली कव्हरं आहेत ना? त्यांच्याखाली मागची बकलं गाडली गेलेली असतात. हात घालून वर काढ. मधलं बकल सापडायला जरा वेळ लागेल.

तुझा,
काका