वितंडवाद म्हणजे नुसता आरडाओरडा?

प्रश्न असा आला आहे: चॅनेलवरच्या चर्चेत विरोधकांना 'पर्याय द्या, नाहीतर तुमचा हा वितंडवाद' असं सुनावतात, हा वापर बरोबर आहे का?

रोजच्या मराठीत वितंडवाद म्हणजे निष्फळ हुज्जत. पण मूळ शब्द न्यायशास्त्राचा, म्हणजे तर्क आणि वादाच्या प्राचीन भारतीय शास्त्राचा, आणि तिथे त्याचा अर्थ फार काटेकोर आहे. गौतम ऋषीच्या न्यायसूत्रांत, म्हणजे या शास्त्राच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प. जल्पातच आपली बाजू न मांडता नुसतं समोरच्याचं म्हणणं खोडत राहिलं की ती वितंडा. आवाज किती चढला याचा इथे संबंधच नाही! म्हणजे गंमत अशी, की सुनावणाऱ्याने शब्द शास्त्राला धरूनच वापरला.

फक्त त्यात शिवी कुठून आली? गौतमाने जल्प आणि वितंडा टाकाऊ ठरवलेल्या नाहीत. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसं तत्त्व राखायला त्या लागतात, असं तो म्हणतो. लोकशाहीत तर वितंडेला रीतसर जागा आहे. 1963च्या ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर लोकसभेतला पहिला अविश्वास प्रस्ताव आणला, तेव्हा 'मग पंतप्रधान कोण?' याचं उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नव्हतं. आजही नाही. जर्मनीत मात्र ते लागतं: 1949च्या राज्यघटनेच्या कलम 67 नुसार नवा चॅन्सेलर (तिथला सरकारप्रमुख) निवडल्याशिवाय जुन्याला काढता येत नाही. 1982 साली चॅन्सेलर श्मिट गेले ते कोल यांना निवडूनच. तिथे नुसती वितंडा सरकार पाडू शकत नाही. मला आपली पद्धत जास्त पटते. पूल कसा बांधायचा हे ठाऊक नसलेल्यालाही तडा दाखवता आला पाहिजे.

नाव ठेवायचंच तर 'छला'ला ठेवा, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम वेगळा अर्थ काढण्याला. 'नवकंबल' म्हणजे नवं कांबळं पांघरलेला, असं बोलणाऱ्याच्या मनात असतं. समोरचा 'नव'चा अर्थ नऊ घेतो आणि विचारतो, 'याच्याकडे नऊ कांबळी कुठायत?' हा वाक्छल. लाक्षणिक बोलणं मुद्दाम शब्दशः घेतलं की उपचारछल. 'अख्खं गाव तहानलंय' म्हटल्यावर 'सरपंचांच्या बोअरला पाणी आहे' असं उत्तर येतं ना, ते हेच. चॅनेलवर हा दिवसाला दहादा होतो आणि त्याला कुणी नावानिशी टोकत नाही.

तेव्हा पर्याय न देणाऱ्याला वितंडवादी खुशाल म्हणा, शब्द चुकत नाही. त्याने मुद्दा मात्र खोडला जात नाही.