बीओटी म्हटलं की ऑफिसात टोलनाका आठवणार!

"ताई, वय ४२, सातपूर एमआयडीसीत पर्चेसला १६ वर्षं झाली. वडिलांना पॅरालिसिस झाला तेव्हा ऑक्युपेशनल थेरपी जवळून पाहिली आणि ती डोक्यातून जाईना. यंदा मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा दिली, मुंबईत बीओटीला, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवीला, सीट मिळालीय. घरचे तयार आहेत, पण ऑफिसात कुणालाच बोलले नाही, हसतील सगळे. नीट होती त्या रविवारी शेजारच्या टेबलवालीच्या मुलाची मुंज होती, तिला तब्येतीचं कारण दिलं. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

अगं, ४२ व्या वर्षी बायोलॉजी उघडून बसलीस, नीट काढलीस आणि घाबरतेस कुणाला, तर डबा खायला बसणाऱ्या चार टाळक्यांना! हसणार तर ते आहेतच. लोकांना बीओटी माहीत ते टोलच्या रस्त्यांचं कंत्राट, तेव्हा एक जण विचारेल, मॅडम, टोलनाका घेताय का, आणि मराठीत व्यवसायोपचार म्हणालीस तर दुसरा विचारेल, धंदा कसला टाकताय. तूही हस ना.

मग लेक्चर देऊ नकोस. शर्ट घालून दाखव. लुळा हात आधी बाहीत, चांगला नंतर, काढताना उलटं. फिजिओवाले हात हलवायला लावतात आणि त्याच हाताने माणूस स्वतःचा शर्ट घालेल, जाड मुठीचा चमचा धरून जेवेल हे आम्ही बघणार, एवढं सांगितलंस की टेबल गप्प होईल बघ.

"या वयात?" हे येणारच. २०२२ पासून नीटला वरची वयाची अटच नाही म्हणावं. आणि कुणी नवीन फॅड म्हणालं तर सांग, मुंबईला केईएममध्ये १९५० पासून शिकवतात, ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर तेव्हा पन्नाशीच्या होत्या. तू तर लहानच की! गंमत म्हणजे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकातच म्हसरूळला आणि शिकायला तू पंचवटी एक्सप्रेस धरणार.

आता कामाचं. फी भरून पावती हातात येईपर्यंत राजीनामा नाही आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अवाक्षर नाही. नोटीस पिरियड किती ते अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघ. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतर लागू होते, तुझी १६ झालीत, दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार धर, मागायला लाजू नकोस. इंटर्नशिप धरून साडेचार-पाच वर्षं पगार नाही, तेव्हा पीएफला उगाच हात लावू नकोस.

सकाळी साहेबांना सांग, तारीख धरून, दोन वाक्यांत. बाकीच्यांना डब्यावर. पण त्याच्या आधी त्या मैत्रिणीला एकटीला गाठ. खरं सांगू, तुझ्या पत्रात मला टोचलं ते तेवढंच, करिअर वगैरे ठीक आहे पण पोराची मुंज एकदाच असते आणि हे तिला तिसऱ्याकडून कळलं तर ती बोलणार नाही, बरोबरच आहे तिचं. परीक्षा होती, सांगायची हिंमत झाली नाही, चुकलं, एवढंच बोल आणि पोरासाठी काहीतरी घेऊन घरी जा. चिडली तर ऐकून घे.

आणि हो, वडिलांची गोष्ट ऑफिसात सांगण्याआधी त्यांना विचारलंस का?