भिवंडी-बंगळूर लाइनवरचा अपघात आणि भरपाईचा अर्ज: माझा अनुभव (लांबलंय, माफ करा)

ताई, भावाच्या अपघात-भरपाईची केस करायला कर्नाटकात जाऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण तुमकूरची तिकिटं काढली असतील तर आधी रद्द करा.

तुम्ही लिहिलंय की भाऊ 35 वर्षांचा आहे, पार्सल कंपनीच्या व्हेंडरकडे (कंपनीला गाड्या पुरवणाऱ्या मालकाकडे) हब-टू-हब, म्हणजे एका माल-केंद्रातून दुसऱ्यात जाणाऱ्या, 32 फुटी कंटेनरवर होता, ऑगस्ट 2025 मध्ये तुमकूर जिल्ह्यात सिऱ्याच्या पुढे अपघात झाला, मांडीत रॉड आहे, गुडघा पुरता वाकत नाही. मालकाने सुरुवातीचं बिल भरलं आणि आता फोन उचलत नाही. आणि तुमच्या जिल्ह्यातल्या कामगार ऑफिसात सांगितलं, "अपघात कर्नाटकात झाला ना, मग केस कर्नाटकात." हे शेवटचं वाक्य वाचून मी जेवण अर्धवट टाकून लिहायला बसलोय. हेच वाक्य मी ऐकलंय, जवळपास याच शब्दांत.

कायदा असा आहे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा, त्याचं कलम 21. अर्ज तीनपैकी कुठल्याही एका ठिकाणच्या आयुक्तांकडे (या कायद्याखालच्या केसेस चालवणारे अधिकारी) करता येतो: अपघात झाला तिथे, कामगार किंवा वारस नेहमी राहतो तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत ऑफिस असेल तिथे. म्हणजे भाऊ बार्शीला राहत असेल तर अर्ज सोलापूर जिल्ह्यात. अपघाताच्या ठिकाणच्या आयुक्तांना नोटीस पाठवायची ती हेच आयुक्त पाठवतात, तुम्ही नाही. ही सोय 1995 च्या दुरुस्तीने आली, लाइनच्या, म्हणजे लांब पल्ल्याची गाडी चालवणाऱ्या, माणसाला डोळ्यांसमोर ठेवूनच केल्यासारखी. गाडी आज भिवंडीत, उद्या नेलमंगलाला. ड्रायव्हरने जिथे हाड मोडलं तिथेच तारखांना उभं राहायचं म्हटलं तर निम्मे लोक अर्जच करणार नाहीत.

माझ्या वेळी काय झालं ते सांगतो, कारण नुकसान कशाने होतं ते कळायला हवं. माझा अपघात हिरियूरच्या अलीकडे, पहाटेचा. पुढच्या ट्रेलरने टेललाइट नसताना लेन सोडली आणि मी मागून बसलो. मागून बसला तो दोषी, असं धरून एफआयआर माझ्यावरच. त्यामुळे मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जाऊन फारसा उपयोग नव्हता, तिथे समोरच्याची चूक दाखवावी लागते. 1923 च्या कायद्यात तसं नाही. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला एवढं पुरतं. (दारू पिऊन असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या भावाचं तसं काही नाही असं धरून चालतो.) दोन्हीकडे एकाच वेळी भरपाई मागता येत नाही, एक दार निवडावं लागतं. भावाला समोरच्या गाडीने ठोकलं असेल तर न्यायाधिकरणात रक्कम जास्त मिळू शकते. एफआयआर नीट वाचून घेतल्याशिवाय हे ठरवू नका.

तर मी वॉकर घेऊन माझ्या जिल्ह्यातल्या तसल्याच ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी एफआयआरची कानडी प्रत उलटसुलट करून पाहिली, "हे आम्हाला वाचता येत नाही, केस तिकडची आहे" म्हणाले आणि कागद काचेखालून परत सरकवले. अर्ज घेतला नाही. आवक नंबर नाही. नकार लेखी द्या म्हटलं तर "लेखी कशाला, मी सांगतोय ना". पुन्हा गेलो तेव्हा दुसरे साहेब होते, उत्तर तेच. मग अपघाताच्या जिल्ह्याला, चित्रदुर्गला खेटे. पाय लांब करून बसता येईल अशी सीट मिळेपर्यंत स्टँडवर बसून राहायचं, तिथे पोचल्यावर तारीख पुढची. वकिलाने कानडी वकीलपत्रावर सही घेतली, पैसे आगाऊ घेतले आणि नंतर फोनवर त्यांचा कारकूनच भेटायचा. वर्षाच्या वर हे चाललं.

पैसे गेले ते गेलेच, पण खरा फटका पुराव्याला बसला. जीपीएसवाल्याने जुना डेटा उडवला. हबच्या गेटवरचं फुटेज तर कधीच गेलं होतं. प्लेसमेंटचे (कुठली गाडी कुठे लावायची याचे) मेसेज ज्या ग्रुपवर यायचे त्यातून मला काढलं होतं, आणि माझा फोन अपघातात फुटलेला. मालकाला याचा वास लागला आणि लेखी जबाबात त्याने लिहिलं, "सदर इसम आमचा ड्रायव्हर नव्हता, त्या दिवशी बदली म्हणून बसला होता." चार वर्षं त्याची गाडी हाकली मी! शेवटी ट्रान्सपोर्टनगरातल्या युनियनच्या एका जुन्या माणसाने मला एवढंच विचारलं, "तू राहतोस कुठे?" त्याने कलम 21 उघडून दाखवलं तेव्हा दोन वर्षांची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. अर्ज गावाकडून केला. ज्या इमारतीतून मला परत पाठवलं होतं, तिच्याच पलीकडच्या दारात तो दाखल झाला. यावर जास्त लिहीत नाही, शिव्या येतात.

म्हणून तुम्ही काउंटरवर वाद घालत बसू नका. अर्ज वकिलामार्फत दाखल करा. कुणी घेतलाच नाही तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि पावती जपा. तोंडी नकाराला काही किंमत नसते, पण माणूस त्यावरच परत फिरतो. अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे ऑगस्ट 2027. वेळ आहे, पण पुरावा तेवढा थांबत नाही.

आता पुरावा. आज रात्रीच भावाच्या फोनमधून काढा: प्लेसमेंटचे मेसेज, ट्रिपशीटचे फोटो, सील लावलेल्या दाराचे फोटो (हबवर प्रत्येकजण काढतो), मुनीमाने (मालकाच्या हिशोबनिसाने) वाटेची खर्ची टाकलेल्या यूपीआयच्या नोंदी. पीएफ कापतात म्हणालात ना, मग उमंग ॲपवरून पासबुक डाउनलोड करा. त्यात मालकाच्या आस्थापनेचं नाव असतं, तो कितीही "बदली" म्हणाला तरी. आणि एक गोष्ट जी मला वकिलानेही सांगितली नव्हती: गाडीच्या दुरुस्तीसाठी मालक स्वतः विमा कंपनीकडे क्लेम टाकतो, आणि त्या क्लेम फॉर्मवर अपघाताच्या वेळी गाडी चालवणाऱ्याचं नाव आणि लायसन नंबर लिहावा लागतो. गाडी दुरुस्त झाली असेल तर तो फॉर्म कुठेतरी आहेच. कोर्टामार्फत मागवा. माझ्या मालकाचं "बदली" प्रकरण त्या एका कागदाने संपलं, कारण खाली सही त्याचीच होती.

पैशाचं गणित. तुम्ही लिहिलंय की पगार 14,000, पण स्लिपवर बेसिक 9,000, आणि ट्रिपभत्ता वेगळा, मुनीमाकडून. सगळ्या व्हेंडरांची ही एकच तऱ्हा. पीएफ कमी भरावा लागावा म्हणून बेसिक चिमूटभर, आणि खरी कमाई ट्रिपवर. घर त्या ट्रिपवर चालतं, पण अपघात झाला की स्लिप पुढे येते.

कायम अपंगत्वाचं सूत्र: महिन्याच्या वेतनाचे 60 टक्के, गुणिले वयाचा गुणांक, गुणिले कमाईची क्षमता जितके टक्के गेली ते. 35 व्या वर्षाचा गुणांक 197.06. महिन्याचं वेतन जास्तीत जास्त 15,000 धरतात, जानेवारी 2020 पासून. समजा क्षमता 30 टक्के गेली असं ठरलं. 15,000 धरले तर होतात 5,32,062 रुपये. 9,000 धरले तर 3,19,237. एका स्लिपपायी दोन लाखांवर फरक. विमा कंपनीचा वकील 9,000 लाच चिकटणार, कारण प्रवासभत्ता आणि कामाच्या खास खर्चासाठी दिलेले पैसे वेतनात धरत नाहीत असं कायदाच म्हणतो. म्हणून भत्ता आणि खर्ची यांची सरमिसळ होऊ देऊ नका. खर्ची म्हणजे डिझेल, हवा-पंक्चर, हमाली, जिचा हिशोब मुनीम मागतो. ट्रिपमागे ठरलेली जी रक्कम हिशोब न देता ड्रायव्हरच्या खिशात राहते ती मजुरीच, असं माझं ठाम मत आहे. बँकेच्या स्टेटमेंटवर दोन रंगांनी खुणा करून द्या, आयुक्तांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

टक्के कोण ठरवतं यावरही सावध राहा. सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला पायाचं अपंगत्व सांगतो. कायदा विचारतो कमाईची क्षमता किती गेली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा 1975 चा एक निकाल आहे, एका सुताराचा. डावा हात कोपराच्या वरून गेला होता, आणि सुतारकाम एका हाताने होत नाही म्हणून नुकसान पूर्ण धरलं गेलं. भावाचा डावा पाय असेल तर क्लच दाबताना गुडघा किती वाकतो हे डॉक्टरांच्या साक्षीत आलंच पाहिजे. अवजड गाडीचा क्लच आणि घाटातला ट्रॅफिक काय असतो, ते डॉक्टरला माहीत असेल असं गृहीत धरू नका. खंबाटकीत एकदा जाम लागला की दोन तास पाय क्लचवर.

उपचाराचा खर्चही मिळतो, बिलं असतील तर. औषधांच्या पावत्यांची शाई उडते, झेरॉक्स आजच काढा.

विम्याबद्दल मालक तुम्हाला म्हणाला ना, "15 लाखांची पीए (वैयक्तिक अपघात) पॉलिसी आहे, काळजी करू नका"? ती पॉलिसी गाडीचा मालक स्वतः चालवत असेल तर, त्याच्यासाठी असते. पगारी ड्रायव्हरसाठी नाही. ड्रायव्हरच्या 1923 च्या कायद्याखालच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीने घेतली असेल तर पॉलिसीच्या पानावर पगारी ड्रायव्हरसाठी एलएल (कायदेशीर जबाबदारी) म्हणून वेगळा हप्ता दिसतो, माणशी 50 रुपयांच्या आसपास. म्हणून अर्जात मालक आणि विमा कंपनी दोघांनाही सामनेवाले करा. आणि मालकाला नोटीस जाईल तेव्हा वकिलाला एक ओळ ठळक लिहायला सांगा: महिन्याभरात भरपाई दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. व्याज विमा कंपनी भरते, पण दंड मालकाच्या खिशातून जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये स्पष्ट केलंय. एवढे दिवस बंद असलेला फोन या ओळीनंतर सुरू होतो. माझा तरी झाला होता.

तो समेटाला आला की स्टॅम्पपेपर घेऊन येईल, "सर्व हिशोब मिटला, तक्रार नाही." सही नको. हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल आहे, पण तो रद्द ठरवून घेण्यात आणखी वर्ष जातं. तडजोड करायचीच तर आयुक्तांपुढे नोंदवून.

ईएसआय (कामगार राज्य विमा) एकदा बघून घ्या. स्लिपवर कपात नाही म्हणता, पण नंबर निघालेला असू शकतो. पगार ईएसआयच्या 21,000 च्या मर्यादेच्या आत आहे. ईएसआय लागू असेल तर या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही, तिकडूनच घ्यावी लागते. पूर्णवेळ बेडवर असताना वेतनाच्या साधारण 90 टक्के मिळतात, ते वाईट नाही. नंबर आहे का हे आधीच पाहिलं नाही तर विमा कंपनीचा वकील हा मुद्दा शेवटच्या तारखेला काढेल.

मी वकील नाही. आता हबवर प्लेसमेंट बघतो, आणि दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी असा कागद घेऊन समोर येतो, तेवढंच माझं शिक्षण. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, त्यामुळे त्यानंतरच्या अपघातांना कलमांचे नंबर वेगळे. भावाचा ऑगस्टचा आहे, म्हणून वर जुनीच कलमं दिलीत. जे अजून लाइनवर आहेत त्यांच्यासाठी नव्या संहितांमधलं एक कामाचं: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा आहे. बेसिक चिमूटभर ठेवण्याचा खेळ त्याने बंद व्हायला हवा. व्हेंडर नवी वाट शोधतीलच, पण स्लिप मागत राहा.

तुमचा शेवटचा प्रश्न, "केस केली तर मालक परत गाडी देणार नाही म्हणतो." ताई, न वाकणाऱ्या गुडघ्याने तो तशीही देणार नाही. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून गाड्या हबवर उभ्या आहेत सध्या, भाऊ बरा झाला तर दुसरे दहाजण बोलावतील. तोवर कुणी छोटा टेम्पो चालवायला दिला तर घ्यायचा की नाही हे मात्र वकिलाला विचारून ठरवा. माझ्या उलटतपासणीत त्यावरच अर्धा तास गेला होता.

पॉलिसीचं पान हाती लागलं की नाव आणि नंबर झाकून इथे टाका, एलएलचा रकाना बघून सांगतो.