बोअरचा रेट, चढ अन् इंटरसेप्ट

प्रश्न : सर, माझी पोरगी अकरावी सायन्सला आहे. सरळ रेषेच्या धड्यात चढ अन् इंटरसेप्ट दिला की लगेच समीकरण लिहिती, पण व्यवहारातलं काही विचारलं की अडकती. शेतात बोअर घ्यायचाय, गाडीवाला म्हणला २०० फुटाला २६ हजार अन् ३०० फुटाला ३६ हजार, केसिंग (बोअरमध्ये टाकायचा पाइप) वेगळं. पोरीला म्हणलं काढ याचं समीकरण. तिनं २६ हजाराला २०० नी भागलं तर १३० आले, ३६ हजाराला ३०० नी भागलं तर १२०, मग म्हणती चढ दोन आले म्हणजे ही सरळ रेषाच नाही. बरोबर आहे का?
— एक पालक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : भागाकार बरोबर आहे, पण तो चढ नाही. चढ म्हणजे वायमधला फरक भागिले एक्समधला फरक, इथं एक्स म्हणजे फूट अन् वाय म्हणजे रुपये. फूट वाढले १००, पैसे वाढले १० हजार, म्हणजे फुटाला १०० रुपये, हा झाला वाय = एम एक्स + सी मधला एम. आता २०० फुटाचे या रेटनं २० हजारच होतात अन् गाडीवाला तर २६ मागायलाय, मग वरचे ६ हजार कशाचे? ते गाडी शेतात आणून उभी करायचे, एक फूट खोदलं नाही तरी द्यायचेच. तोच सी, म्हणजे वाय-इंटरसेप्ट, रेषा वाय-अक्षाला जिथं कापते तो आकडा. समीकरण झालं वाय = १०० एक्स + ६०००. ३०० टाकून बघा, ३६ हजारच येतात. पोरीच्या १३० अन् १२० मध्ये हे ६ हजार वाटले गेलेत, म्हणून फूट वाढले की आकडा उतरतो. नुसता भागाकार करून चढ तेव्हाच मिळतो जेव्हा सी शून्य असतो, म्हणजे रेषा आरंभबिंदूतून जाते.

आता गाडीवाल्याला अजून एक विचारून घ्या, ३०० फुटाच्या पुढं काय रेट? कारण खोल गेलं की रेट वाढवतात. समजा तिथून पुढं फुटाला १५० लावला, तर वरचं समीकरण ३०० लाच थांबतं अन् दुसरी रेषा सुरू होते, चढ १५० अन् ती (३००, ३६०००) मधून जाते. ३६००० = १५० × ३०० + सी, म्हणून सी = −९०००. समीकरण वाय = १५० एक्स − ९०००. इथं पोरं दचकतात, मायनस नऊ हजार म्हणजे गाडीवालाच आपल्याला पैसे देतो काय! तसं नाही हो, ही रेषा ३०० फुटांच्या पुढंच खरी आहे, मागं वाढवून वाय-अक्षापर्यंत नेली तर तो आकडा येतो, त्याचा व्यवहारात काही अर्थ नाही पण समीकरण लिहायला तो लागतोच. ४०० फुटाला ५१ हजार होतील, पहिल्याच समीकरणात टाकलं असतं तर ४६ आले असते अन् ऐनवेळी ५ हजारांवरून बांधावर भांडण. (पाणी कितीव्या फुटाला लागंल ते मात्र कुठल्याच समीकरणात येत नाही, आपल्याकडं खाली काळा पाषाण.)

अजून एक, पेपरात इंटरसेप्ट कुठल्या अक्षावरचा दिलाय ते तिला नीट वाचायला लावा. चढ २ अन् एक्स-इंटरसेप्ट ३ असं आलं की निम्मी पोरं डोळे झाकून वाय = २ एक्स + ३ लिहितात. रेषा (३, ० ) मधून जाते, म्हणून सी = −६ अन् उत्तर वाय = २ एक्स − ६.

प्रश्न : चढ −२/३ अन् वाय-इंटरसेप्ट ४, ही रेषा टेबल न करता ग्राफवर कशी काढायची? अन् उभ्या रेषेचा चढ किती लिहायचा?
— अकरावीचा विद्यार्थी, उदगीर

उत्तर : पेन्सिल वाय-अक्षावर ४ वर ठेव. तिथून ३ घरं उजवीकडं अन् २ घरं खाली, आला (३, २). परत तसंच केलं की (६, ० ), पट्टी लाव अन् ओढ. मायनस दोन्हीला लावू नको, डावीकडं अन् खाली गेलास की चढ प्लस होतो. समीकरण २ एक्स + ३ वाय = १२ असं लिहिलं तर अपूर्णांकाची कटकट नाही. उभ्या रेषेत एक्समधला फरक शून्य, शून्यानं भागता येत नाही, म्हणून चढच नाही, ती नुसती एक्स = ५ अशी लिहायची. शून्य चढ आडव्या रेषेचा असतो, पेपरात या दोघींची अदलाबदल करू नको.